शिल्लक लोखंड

हौशी: इंजिन एकदा उघडलंच आहे, तर पिस्टनच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये असं माझं म्हणणं आहे. जुन्या सीजे-थ्री-बी जीपचं हरिकेन इंजिन खाली उतरवायचं, क्रँक काढायचा, ब्लॉक लेथवाल्याकडे टाकायचा, व्हॉल्व्हचं काम करायचं, आणि एवढा खटाटोप करून आत साधा ढलाईचा पिस्टन बसवायचा? मजुरी तेवढीच, गॅसकेटचा सेट तेवढाच, गाडी उभी राहणार तीही तेवढेच दिवस. म्हणून माझं ठरलंय. पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे दाबाखाली घडवलेला. ओव्हरसाइज एकदम चाळीस थाऊ, म्हणजे बोअर हमखास स्वच्छ निघेल आणि सीसीही वाढेल. शिवाय पिस्टन बनवून घेतोच आहे, तर माथा जरा उंच ठेवून कॉम्प्रेशन आठच्या आसपास नेता येईल. ही गाडी आता मंडईत भाजी आणायला जाणार नाही. ती ओढ्यातून, मुरमाच्या चढांवरून, पावसाळ्यानंतर धुपलेल्या गाडीवाटांवरून जाणार. तिथे आतलं काही कच्चं राहून चालणार नाही.

शंकेखोर: कामाचा क्रमच उलटा झाला रे. तू पिस्टन आधी पसंत केलास आणि आता ब्लॉकला त्याच्या मापात बसवायला निघालास. या इंजिनाचा मूळ बोअर तीन इंच आणि एक अष्टमांश, म्हणजे ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक १११.१ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून २१९९ सीसी. चाळीस थाऊ, म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश, बोअर वाढवलास की होतात २२५६. सत्तावन्न सीसी, जेमतेम अडीच टक्के. चढावर तुला ते कळणारसुद्धा नाही. आणि त्याच्या बदल्यात काय गेलं ते बघ. या ब्लॉकला लाइनर नाहीत, पिस्टन थेट ब्लॉकच्या लोखंडात फिरतो. कंपनीनं ओव्हरसाइजच्या पायऱ्या दिल्या होत्या: दहा, वीस, तीस, चाळीस. एकेक पायरी म्हणजे एकेक इंजिनकाम. तू तीन कामांचं लोखंड एका दिवसात लेथवर कातून भंगारात टाकणार. अमेरिकेत ही जीप १९५३ ला आली आणि १९६८ ला बंद झाली. महिंद्रानं आपल्याकडे ती पुढे बरीच वर्षं चालू ठेवली, पण आता तेही संपलं. नवा ब्लॉक कुठून आणशील?

हौशी: सीसीचा मुद्दा सोडतो, तो दिखाऊच होता. पण पायऱ्यांचं गणित कागदावर जितकं सरळ दिसतं तितकं प्रत्यक्षात नसतं, काका. दहा थाऊ म्हणजे व्यासात पाव मिलिमीटर. एका अंगाला त्याच्या निम्मं. सिलिंडर काही सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे सगळ्यात जास्त झिजतो, खाली जवळजवळ मूळ मापाचा राहतो. म्हणजे तो वरून रुंद, खालून अरुंद. त्यात पिस्टन ज्या अंगावर रेटला जातो ते अंग जास्त खाल्लेलं, म्हणजे गोलाईही गेली. वर या गाड्या वर्षानुवर्षं गोठ्यात किंवा पत्र्याखाली उभ्या असतात. हेडमधून पाणी उतरून एखाद्या सिलिंडरला गंजाचे खड्डे पडलेले असतात. असा बोअर दहावर साफ होतो, हे मी फक्त ऐकलंय. वीसला खड्डा राहिला की तीस, तीसला राहिला की चाळीस. मग पहिल्यांदाच चाळीस मारून मोकळं का होऊ नये? आणि दहाचा पिस्टन सेट बाजारात मिळायला नको का?

शंकेखोर: मिळतो की नाही हा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. पण "खड्डा असेल" आणि "खड्डा आहे" यांच्यात एक डायल गेज असतं. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजायचा. प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा आडवा. सहा आकडे एका सिलिंडरचे, चोवीस चौघांचे. ते लिहून समोर ठेवल्याशिवाय पिस्टनचं नाव काढू नये. आणि ओव्हरसाइज ठरला, तरी लगेच बोअर मारायचा नाही. पिस्टन हातात आले पाहिजेत. खोक्यावर वीस लिहिलंय म्हणून आतला वीसच असतो असं नाही. पिस्टन गोल नसतोच मुळी. गजन पिनच्या दिशेनं तो थोडा चपटा असतो आणि वरून खाली किंचित रुंद होत जातो, कारण गरम झाल्यावर त्याला गोल व्हायचं असतं. म्हणून पिनला काटकोनात, स्कर्टवर, मायक्रोमीटर लावून चारही मोजायचे, त्यांवर एक ते चार आकडे घालायचे, आणि ज्या पिस्टनचा जो सिलिंडर त्याच्या मापाला होन करायचा.

या इंजिनाची जुनी परीक्षा तुला माहीत असेल. रिंगा न घालता पिस्टन उलटा करून बोअरमध्ये सोडायचा, शेजारून तीन थाऊ जाडीची आणि पाऊण इंच रुंदीची फिलरची पट्टी घालायची, आणि ती स्प्रिंगकाट्यानं ओढायची. पाच ते दहा पौंडांत सरकली तर बरोबर. त्याहून सहज आली तर ढिला, अडली तर अजून होनिंग. या परीक्षेत पिस्टन कोणत्या कंपनीचा, ढलाईचा की घडाईचा, हा प्रश्न येतच नाही.

हौशी: येतो. कारण ती परीक्षा ज्या पिस्टनासाठी लिहिली, त्याच्या स्कर्टला टी आकाराची चीर असते. चिरेमुळे स्कर्ट दबतो, म्हणून तीन थाऊत भागतं. तुम्ही परीक्षा सांगता आणि ती कोणत्या पिस्टनची हे गाळता! आता माझी बाजू ऐका. सगळे म्हणतात, जीपचं इंजिन हळू फिरतं, त्याला कसला फोर्ज्ड पिस्टन हवा. पण स्ट्रोक बघा की. कमाल ताकद ४००० फेऱ्यांना. त्या वेगाला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास पंधरा मीटर होतो, कारण दर फेरीला त्याला सव्वादोनशे मिलिमीटर अंतर कापायचं असतं. वरच्या टोकाला तो थांबून मागे फिरतो, तेव्हा त्याच्यावरचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या हजार पटींच्या पुढे जातो. समजा पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलो धरल्या, तर पिनवर अर्ध्या टनाहून जास्त ओढ. हे आकडे काही बैलगाडीचे नाहीत.

आणि दुसरं, उष्णता. ही जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीच्या मूळ गिअरिंगवर पहिल्या लो गिअरला सगळं मिळून सदतीसास एक असं प्रमाण पडतं. इंजिन २००० वर गुरगुरतं आणि गाडी ताशी सातेक किलोमीटरनं चालते. रेडिएटरला समोरून वारा नाही, जे काही ते पंख्याचं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जुन्या कार्बोरेटरचा जेट तसाच ठेवला, तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. अशा वेळी नॉकिंग सुरू झालं, तर ढलाईच्या पिस्टनाचा रिंगांमधला काठ तडकतो. फोर्ज्ड असेल तर वाकेल, चेपेल, पण तुकडे होणार नाहीत. तुकडा झाला की तो तुमच्या त्याच लाखमोलाच्या ब्लॉकला खरवडणार ना?

शंकेखोर: शेवटचा मुद्दा वजनदार आहे, त्याच्याकडे येतो. आधीचे दोन मात्र तूच नीट बघ. झटका फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. ४००० ला अर्ध्या टनाच्या वर म्हणतोस, तर २००० ला त्याचा पाव भाग. आणि तू स्वतःच सांगितलंस की डोंगरात तू २००० वर असतोस. ४००० वर तू फक्त हायवेवर जाशील, आणि ही जीप हायवेवर त्या वेगानं पळवणारा तू नाहीस. म्हणजे पिस्टनचा मजबूतपणा तू ज्या कामासाठी मागतोस, त्या कामात तो ताण नाहीच.

उष्णता आहे, कबूल. पण उष्णतेत घडाईचा पिस्टन कसा वागतो? ढलाईच्या पिस्टनात साधारण बारा टक्के सिलिकॉन असतं. ते ॲल्युमिनियमचं फुगणं आवरून धरतं. तरीसुद्धा या बोअरचा पिस्टन शंभर अंशांना ०.१६ मिलिमीटर फुगतो, आणि तेवढ्याच तापमानाला लोखंडाचा बोअर त्याच्या निम्म्यानं. रेसिंगवाल्यांच्या २६१८ नावाच्या मिश्रधातूत सिलिकॉन जवळपास नसतंच, म्हणून तो आणखी फुगतो. त्याला चारच्या वर थाऊ जागा ठेवावी लागते. परिणाम काय? थंड इंजिनात पिस्टन सैल, सकाळी स्टार्ट मारला की खटखट. रेसची गाडी तापवतात, पळवतात, उघडतात. तुझी गाडी थंड चालू होणार, चढ चढणार, मग चहाच्या टपरीवर बंद, परत चालू. सैलपणात आपटत राहणारा स्कर्ट आणि त्यावर डोंगरातली धूळ. त्यात हा धातू मऊ. या ब्लॉकची आणखी एक खोड: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी आहेत. त्या अंगाला बोअर जास्त तापतो आणि आपला आकार सोडतो. तू जितका फुगणारा पिस्टन निवडशील, तितका तो या वेड्यावाकड्या जागेत चुकण्याची शक्यता जास्त.

(लेखक म्हणून मध्येच एक वाक्य घालतो. आपल्याकडे पिस्टन घेताना धातू कोणता हे विचारणारं गिऱ्हाईक विरळा. गोएत्झे की उषा की इंडिया पिस्टन्स एवढंच विचारून लोक खोकं बगलेत मारतात. तेव्हा वाद कोणीही जिंको, तो सिलिकॉनपर्यंत पोचला हेच मला पुष्कळ वाटतं.)

हौशी: घडाई म्हणजे २६१८च असं तुम्ही धरून चाललात. ४०३२ नावाचा घडाईचा मिश्रधातूही असतो. त्यात तुमच्या ढलाईसारखंच बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. तो कमी फुगतो, जागा कमी मागतो, आणि ढलाईपेक्षा चिवट असतो. खटखटीचा मुद्दा तिथे बराच निकालात निघतो. आणि कॉम्प्रेशनबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ६.९ हे प्रमाण त्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठी होतं. आजचं पंपावरचं पेट्रोल ९१ ऑक्टेनच्या खाली नाही. आठवर नेलं, तर चार-पाच टक्के जास्त काम त्याच पेट्रोलमधून मिळेल. बोअर वाढवून मिळतं त्याच्या जवळपास दुप्पट, आणि ब्लॉकचा एक कणही न कातता. इथे तरी पिस्टनची निवड ब्लॉकच्या बाजूनं जाते की नाही?

शंकेखोर: जाते. हा तुझा सगळ्यात चांगला मुद्दा. पण ते हेडचा पृष्ठभाग घासूनही साधतं, आणि चुकलं तर जाड गॅसकेट घालून मागे येता येतं. पिस्टनच्या उंचीत चूक झाली, तर चारही पिस्टन वाया. पिनपासून माथ्यापर्यंतचं अंतर, पिनचा व्यास, रिंगांच्या खाचांची रुंदी, हे सगळं तू कारागिराला लिहून देणार आहेस का? बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं होत नाही. डिझेलवाल्यांना विचार. त्यांच्या पिस्टनच्या माथ्यावर वाटी असते, तिचा आकार इंजेक्टरच्या फवाऱ्याशी जुळावा लागतो. बोअर तोच, पिन तीच, पण वाटी वेगळी, असा पिस्टन घातला की गाडी काळा धूर ओकते आणि मालक पंपवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. पेट्रोलमध्ये एवढं नाजूक नसलं, तरी वजनाचं बघ. मूळ पिस्टनाहून नवा बराच हलका किंवा जड आला, तर इंजिनाचा तोल बदलतो. निदान चौघांचं वजन आपसांत दोन-तीन ग्रॅमच्या आत हवं. ढलाईच्या सेटमध्ये ते कारखान्यातच जुळवून येतं. बनवून घेतलेल्यात तुला सोनाराचा काटा घेऊन बसावं लागेल.

हौशी: बसेन. हौसेला मोल नसतं.

शंकेखोर: हौसेला नसेल, धुळीला आहे. तू इतका वेळ पिस्टन तुटण्याबद्दल बोलतोस. अशा गाड्यांची किती इंजिनं पिस्टन तुटून गेलेली तू पाहिलीस? मी उघडलेली बहुतेक झिजून गेलेली. ऑइल खातात, निळा धूर मारतात, क्रँककेसमधून फुसफुसतात. एअर क्लीनरची ऑइलची वाटी कोरडी, होजला चीर, आणि त्यातून वर्षभर मुरमाची लाल माती आत. ती माती म्हणजे सिलिका. रिंग आणि बोअर यांच्यात ती पॉलिशपेपरसारखी बसते. तिच्यापुढे ढलाईचा आणि घडाईचा, दोघे सारखेच. तिथे पिस्टनपेक्षा रिंग बोलते. वरची रिंग क्रोमची घेतली तर धुळीत टिकते. होनिंगच्या रेघा नीट तिरप्या आणि सारख्या खोल पडल्या, तर ऑइल धरून ठेवतात. रिंगचं तोंड बोअरमध्ये बसवून मोजलं, बारा थाऊच्या आसपास ठेवलं, तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडत नाहीत. पिस्टनवर जास्तीचे जे पैसे टाकणार आहेस, ते एअर क्लीनर आणि रेडिएटरवर टाक. जेट बदलायला तर पैसेही फारसे लागत नाहीत.

हौशी: हे मान्य करायला मला अजिबात जड जात नाही. पण त्याचा शेवट कुठे होतो बघा. तुम्ही म्हणता, या गाड्या धुळीनं झिजतात. म्हणजे कितीही जपलं तरी पुढेमागे हा बोअर पुन्हा झिजणार. तुम्ही वीसवर थांबलात, तर पुढचं काम तीसवर, त्यापुढचं चाळीसवर. मग शेवट तोच, स्लीव्ह. चाळीसनंतर लोखंड कातून आत स्लीव्ह ठोकायची आणि परत स्टँडर्ड पिस्टन. म्हणजे तुम्ही लोखंड वाचवत नाही, फक्त स्लीव्हची तारीख पुढे ढकलता. त्यापेक्षा आजच चारही स्लीव्ह टाकून स्टँडर्डवर का येऊ नये? पिस्टन कायम एकाच मापाचे. पुढचा मालक स्लीव्ह काढेल, नवी टाकेल. ब्लॉकला पुन्हा हात लावायलाच नको. आता सांगा, ब्लॉकचा कैवारी कोण, तुम्ही की मी?

शंकेखोर: (थोडं थांबून) हे तू माझ्यावर बरोबर उलटवलंस. पण स्लीव्हला मी भितो, आणि त्याला कारण आहे. कोरडी स्लीव्ह बसवायची, तर आधी ब्लॉक व्यासात चार-पाच मिलिमीटर कातायचा. ज्या लोखंडासाठी मी दहा-वीस थाऊंचा हिशोब करत होतो, ते दोन्ही अंगांनी घसघशीत गेलं. जुन्या ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा गंजानं आतून किती खाल्ल्यात, हे बाहेरून दिसत नाही. कातताना पाणी लागलं, की ब्लॉक संपला. आणि स्लीव्ह चोहोबाजूंनी घट्ट बसली नाही, मागे केसाएवढी फट राहिली, तर तिथली उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. त्या ठिकाणी बोअर तापतो, आणि पिस्टन पकडतो. चांगल्या मशीनवर, चांगल्या हातानं झाली, तर स्लीव्ह आयुष्यभर जाते. म्हणजे पुन्हा प्रश्न पिस्टनचा राहिला नाही, लेथवाल्याचा झाला.

हौशी: आणि माझ्या तुकड्यांच्या मुद्द्याचं काय? त्याकडे येतो म्हणालात.

शंकेखोर: आलो. तू म्हणतोस, पिस्टन असा हवा जो वाकेल पण ब्लॉक फोडणार नाही. मी म्हणतो, पिस्टन असा हवा जो रोज ब्लॉकला कमी झिजवेल. दोघेही ब्लॉक वाचवतोय. तू एका वाईट दिवसापासून, मी हजार बऱ्या दिवसांपासून. या दोन गोष्टी एकाच पिस्टनात पूर्ण मिळत नाहीत. तुझा ४०३२ त्यातल्या त्यात मधला. पण तो या इंजिनाच्या मापात, खाचांसकट, वजनासकट नीट करून देणारा मिळाला तर. तो वाईट दिवस किती जवळ आहे, हे पिस्टनवर नाही, चालवणाऱ्यावर आहे. तापमानाचा काटा वर गेल्यावर तू गाडी थांबवतोस की "एवढा चढ झाला की थांबू" म्हणतोस?

हौशी: खरं सांगायचं तर चढ संपवतो. मध्येच थांबलं तर मागे गाड्या अडकतात, क्लच जळतो. म्हणूनच मला चिवट पिस्टन हवा. तुम्ही ज्याला चालवणाऱ्याचा दोष म्हणता, तो डोंगरात टाळता येत नाही.

शंकेखोर: मग तुझ्यासाठी घडाईचा, आणि तुझ्यानंतर गाडी घेणाऱ्यासाठी ढलाईचा. ब्लॉक मात्र दोघांचा एकच. बरं, आता एक खरा पेच सांगतो, कारण मोजल्यावर बहुतेक वेळा हाच निघतो. तीन सिलिंडर वीसवर साफ होतात. चौथ्याला गंजाचा खड्डा, तो चाळीसशिवाय जात नाही. काय करशील?

हौशी: चारही चाळीस. चौघे एका मापाचे, चौघांचं वजन सारखं, मनात शंका नाही.

शंकेखोर: मी चौथ्याला एकट्याला स्लीव्ह टाकून तिला वीसवर आणेन. तीन सिलिंडरांच्या दोन पायऱ्या वाचतात.

हौशी: आणि आत्ताच म्हणालात, स्लीव्हला भितो.

शंकेखोर: भितो. तीन चांगल्या सिलिंडरांसाठी एकाची भीती पत्करतो.

हौशी: मी एका खड्ड्यासाठी तीन बरे सिलिंडर कातायला तयार आहे, आणि तुम्ही तीन बऱ्यांसाठी एकाच्या भिंतीवर जुगार खेळायला. ब्लॉक आधी ॲसिडनं धुऊन पाण्याच्या दाबावर तपासून घेऊ. भिंत पातळ निघाली, तर तुमची स्लीव्ह आपोआप बाद.

शंकेखोर: आणि जाड निघाली, तर तुझ्या चाळीसला कारण उरत नाही. तोवर पिस्टनची ऑर्डर देऊ नकोस, कोणत्याच धातूची.